निळीवर आलेला भार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या समितीचे सदातत्पर सेक्रेटरी, आजपासून इमारतीच्या विजेची जबाबदारी घेणाऱ्या एजन्सीचे व्यवस्थापक, ज्यांच्यासाठी ही खुर्ची फुलांनी सजवली आणि जे तिच्यावर टेकून बसायला तयार नाहीत ते आपले सत्कारमूर्ती, आणि चारही मजल्यांवरून खाली उतरून आलेल्या माझ्या शेजारी बंधुभगिनींनो,

सेक्रेटरी परवा घरी आले आणि म्हणाले, "काका, टेस्टरच्या निरोपाला दोन शब्द बोला. गोड बोला. हवं तर एखादी कविता घाला." 'गोड' या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला. मी म्हटलं, बोलतो. पण म्हातारा माणूस आणि जुना पंखा यांचं एक असतं. एकदा फिरायला लागले की बटण बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहतात. तेवढं सांभाळून घ्या.

टेस्टर हे आपल्या या वायरमनचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे व्यवस्थापकसाहेबांसाठी सांगतो. इतर लोक खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात. आमच्या दारात आले की "काय काका, बरं आहे का?" म्हणण्याआधी दाराजवळच्या बटणाला टेस्टर लागलेला असतो. पोरांनी नाव ठेवलं, थोरांनी ते पक्कं केलं. आता कुणी त्यांना खऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळूनसुद्धा बघत नाहीत.

निरोपाच्या भाषणात माणूस एकदम साधुसंत होऊन जातो. तसं मी करणार नाही, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांशी टेस्टरांचं भांडण झालेलं आहे. कुणी गिझर चालू ठेवून इस्त्री लावली की जिन्यातून गर्जना यायची, "कोण भाजतंय रे इमारत?" आणि फुशारकी तर विचारू नका. "या इमारतीत माझ्या परवानगीशिवाय बल्बसुद्धा मरत नाही," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ऐकून हसलोही आहोत. आणि मग निर्धास्त झोपलोही आहोत, हेही खरं आहे ना?

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती विजेची आहे, पण मला ती शाळेच्या वाटेनेच कळली, म्हणून त्या वाटेनेच सांगतो.

आमच्या वर्गात बाकांच्या तीन रांगा होत्या. खिडकीची, मधली आणि भिंतीकडची. गुरुजी कविता सगळ्या वर्गाकडून एकसुरात म्हणून घेत. काय घुमायचा तो वर्ग! बाहेर कौलांवर पारवे बसलेले असत, तेसुद्धा मान तिरकी करून ऐकत. पण गुरुजी मोठे बेरके. मध्येच हात वर करून म्हणायचे, "खिडकीची रांग, गप्प!" मग दोन रांगांनी कविता पुढे न्यायची. थोड्या वेळाने "मधली रांग, गप्प!" आता सगळी कविता भिंतीकडच्या रांगेवर. आणि तेव्हा कळायचं की त्या रांगेतले बहुतेक वीर नुसते ओठ हलवत होते. मी त्याच रांगेत होतो. मला कविता येत होत्या, आवडायच्या, आजही झोपेत येतात. एकदा अख्ख्या रांगेत मी एकटाच गात राहिलो. तीन कडवी निभावली, चौथ्याला माझा आवाज फाटला. वर्ग खो-खो हसला. मी मात्र तो क्षण अजून विसरलेलो नाही. सगळ्यांची कविता एका गळ्यावर आली की गळ्याचं काय होतं, ते मला तेव्हापासून माहीत आहे.

आपल्या इमारतीत वीज अशीच तीन रांगांनी येते. लाल, पिवळी आणि निळी, अशा तीन फेज. पूर्वी प्रत्येक घर एकेका फेजला बांधलेलं होतं. तुमची लाल गेली की तुमच्याकडे अंधार, आणि समोरच्या दाराखालून उजेडाची पट्टी दिसायची. तिचा किती राग यायचा!

आमच्या घरात मात्र नुसत्या रागाने भागेना. आमच्या हिच्या फुप्फुसांनी संप पुकारलेला. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू ठेवायचं, नाकात नळी, आणि फेज गेली की मी सिलेंडरकडे धावायचो. सिलेंडरची ती किल्ली! माझ्या बोटांत जोर नाही, आणि तिच्या छातीत दम नाही. असा आमचा संसार. एकदा टेस्टरांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काका, हे काय धावायचं वय आहे? मी डबा बसवतो. एक फेज गेली की तो आपोआप घर उचलून दुसरीवर ठेवेल. दुसरी गेली की तिसरीवर. तुम्ही कविता करत बसा."

बसवला. मग खाली जाऊन त्यांनी मुद्दाम आमची फेज पाडली. गुरुजींचं "खिडकीची रांग, गप्प!" तेच हे. डब्यात 'टक्' असा आवाज झाला, मशीनने एक उचकी दिली आणि ते पुढे चालू लागलं. मला भरून आलं. ही म्हणाली, "झालं? एवढंच? मला वाटलं काहीतरी मोठं होईल." टेस्टर दोन दिवस फुगून होते.

त्या आनंदात मी दोन ओळी जुळवल्या. सेक्रेटरींना कविता हवी होती, ती ही घ्या.

एक विझे तर दुसरा जागे, तिसरा राखी वाट,
तीन दिव्यांच्या पाठीवरती निजते अमुची रात.

मी त्या टेस्टरांना म्हणून दाखवल्या. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे काका. पण न्यूट्रल, परतीची तार, विसरलात. न्यूट्रल नसेल तर तुमचे तिन्ही दिवे उडतील." असा समीक्षक मला जन्मात भेटला नाही.

मग काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्याकडे डबा आला म्हटल्यावर समोरच्यांना हवा झाला. दुसऱ्या मजल्यावरचे शिकवणीवाले सर म्हणाले, "आमच्या पंख्याने काय पाप केलंय?" बघता बघता दारोदार डबे लागले. टेस्टरांनी सगळे स्वतःच्या हाताने बसवले, एकसारखे, नीटनेटके. आणि इथेच त्यांची चूक झाली. ती मी लपवणार नाही, कारण त्यांनीही लपवलेली नाही. प्रत्येक डब्याला आधी कोणती फेज पकडायची ते सांगावं लागतं. त्यांनी सगळ्यांना एकच शिकवण दिली. आधी लाल. लाल नसेल तर पिवळी. तीही नसेल तर निळी. जी घरं पूर्वी तीन फेजांवर वाटलेली होती, ती एकेक करून सगळी लालवर येऊन बसली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. दिवे लागत होते, पंखे फिरत होते. मंडळी, सगळं सुरळीत चाललेलं असताना खाली कोण वाकत चाललं आहे, हे कधी कुणी वाकून बघतं का?

उन्हाळ्यातली ती दुपार. बाहेर चिटपाखरू नाही आणि घरोघरी थंड हवेची यंत्रं घुमताहेत. मी हिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. आमच्या डब्यात टक् झालं. त्याच क्षणी जिन्यातून टक्, टक्, टक्, प्रत्येक दारामागून, जणू कुणी खालपासून वरपर्यंत चुटक्या वाजवत गेलं. लाल जळाली आणि सगळी इमारत एका उडीत पिवळीवर गेली. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. केवढी सोय! हसणं ओठांवर असतानाच पुन्हा तोच आवाज. पिवळीही गेली. आता चार मजले निळीवर. पंख्याची पाती मोजता येतील इतका पंखा मंदावला. हिच्या मशीनचा आवाज बसला. माणसाचा गळा बसतो ना, तसा. सिलेंडरची किल्ली माझ्या बोटांना दाद देईना.

तेवढ्यात जिन्यातून टेस्टरांची गर्जना आली. "बंद करा! यंत्रं, फ्रिज, सगळं बंद करा! एकटी निळी उरलीय!"

वरून कुणीतरी विचारलं, "का? आमचं चालू आहे की!"

"चालू आहे म्हणूनच सांगतोय!"

"आधी खालच्यांना सांगा."

"माझ्या एका फ्रिजने काय होतंय हो?"

हे आवाज कुणाचे होते ते मी सांगणार नाही. आवाज बसलेले होते, ओळखू आले नाहीत, असं समजू. पण प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. एका फ्रिजने काही होत नाही. एकेका फ्रिजनेच सगळं होतं.

मग टेस्टर मीटरच्या खोलीत गेले आणि त्यांनी एकेका घराचा फ्यूज उपटायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही. इमारत मजल्यामजल्याने गप्प होत गेली. शेवटी एकच घर उरलं. हिच्या मशीनचा गळा हळूहळू मोकळा झाला आणि मी तिच्या बोटांकडे बघितलं. नखांवरची निळी झाक ओसरत होती.

इथे टाळ्या वाजवू नका. अजून गोष्ट संपलेली नाही.

पहिल्या मजल्यावरच्या केकवाल्या ताई आपल्याला माहीत आहेत. त्या दुपारी त्यांच्याकडे लग्नाचा तीन थरांचा केक तयार होता. वरची साखरेची फुलं त्यांनी कितीतरी दिवस बसून वळलेली. फ्यूज निघाला, खोली तापली आणि वरचा थर खालच्यात बसला. संध्याकाळी त्या तो केक ताटात घालून आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "हा घ्या काकू, तुमच्या श्वासाचा केक."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हिने मात्र नळी जरा बाजूला केली, चमचाभर केक खाल्ला आणि म्हणाली, "चव छान आहे गं. बसलाय फक्त. मीही बसलेलीच आहे, टाकून देतेस का मला?" ताई तिथेच उंबऱ्यात बसून रडल्या. मग दोघींनी मिळून तो केक संपवला. मला फक्त फूल मिळालं.

पुढे हिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि त्या दिवसांत आपली सभा झाली. मी तिथे नव्हतो, नंतर ऐकलं. केकवाल्या ताई उभ्या राहून म्हणाल्या, "काकूंवर माझा राग नाही. पण कुणाच्या घराचा फ्यूज काढायचा, हे एकट्याने ठरवायचा हक्क यांना कुणी दिला?" मंडळी, तेव्हापासून मी या प्रश्नाला मनातल्या मनात उत्तर देतो आहे आणि मला ते जमलेलं नाही. प्रश्न रास्त आहे. आणि ज्या घराचा फ्यूज निघाला नाही, त्या घराने उत्तर द्यावं तरी कोणत्या तोंडाने?

टेस्टरांचं उत्तर त्यांच्या पद्धतीचं होतं. ते म्हणाले, चूक माझी, मी सगळ्यांना एकच दार दाखवलं. आता घरं तीन फेजांवर वाटून देतो. आपली फेज गेली तर त्या घराने थोडा वेळ अंधारात बसायचं. जिथे आजारी माणूस आहे, फक्त त्याच घराला दुसरी-तिसरी फेज मिळेल. आणि ते घर कोणतं, ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा, मी ठरवणार नाही. मग कुणीतरी म्हणालं, "म्हणजे शेजाऱ्याचा पंखा चालू आणि आमचा बंद?" हशा झाला. हशा झाला की ठराव बारगळतो. त्यानंतर टेस्टरांना मुदत वाढवून द्यायची नाही असं ठरलं, आणि त्या ठरण्याला आज आपण निरोप समारंभ म्हणतो आहोत.

सेक्रेटरी, तुमचा चेहरा उतरला. थोडं गोडही बोलतो. एजन्सीने आधीच येऊन घरोघरी नवे डबे बसवले, ते दिसायला सुरेख आहेत. ते टक् सुद्धा करत नाहीत. फेज कधी बदलली हे कुणाला कळत नाही, झोपमोड नाही. मी व्यवस्थापकसाहेबांना अदबीने विचारलं, "हे आधी कोणती फेज पकडतात?" ते म्हणाले, "काका, ती कंपनीकडूनच ठरवून येते." मी डब्याच्या झाकणामागे पाहिलं. आधी लाल. सगळ्यांचं. साहेबांचा यात दोष नाही, त्यांनी जे मागवलं ते बसवलं. पण माझी झोप उडाली आहे, एवढं खरं.

आज निघताना मी हिला विचारलं, "तुझ्या वतीने काय सांगू? टेस्टरांना ठेवून घ्या म्हणू?"

"अहो, ते राहायचे नाहीत. फुगलेत," ती म्हणाली. "आणि माझ्यासाठी अंधारात बसा असंही कुणाला सांगू नका. लाज वाटते."

"मग काय सांगू?"

तिने नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाली, "आम्ही तिघी बहिणी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीने केलं. सगळे म्हणायचे, थोरली आहे ना! ती मोडली तेव्हा मधलीने केलं. सगळे म्हणायचे, मधली आहे ना! मग मी. घरात कुणाला काही जाणवलंच नाही, आईला वेळेवर दूध मिळत होतं. निळीचं काय होतं ते मला विचारा. लोकांना एवढंच सांगा, शेवटच्या तारेवर कोण राहणार ते आधी बसून ठरवा. माझं नाव घ्या असं नाही. पण ठरवा. पुढच्या वेळी ते ठरवायला खाली माणूस नसेल."

हा तिचा निरोप. तो मी पोचवला. एक खुलासाही करून टाकतो. केकवाल्या ताई आज सभागृहात दिसत नाहीत, म्हणून त्या रागाने आल्या नाहीत असं कुणी समजू नये. मला इथे मोकळेपणी बोलता यावं म्हणून त्या वर हिच्याजवळ बसल्या आहेत.

आता टेस्टरांविषयी चार शब्द बोलून मी...

थांबा. ऐकलंत?

टक् झालं. या सभागृहाचा डबा जुना आहे, टेस्टरांच्या हातचा. तो अजून बोलतो. घरोघरचे नवे डबेही याच क्षणी सरकले असतील, बिनआवाजी. लाल गेली, मंडळी.

बसून घ्या, घाबरू नका. दिवे आहेत. दिवे आहेतच, हीच तर... अध्यक्ष महोदय, आपल्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. पुष्पगुच्छ खुर्चीवर आहे आणि सत्कारमूर्ती मीटरच्या खोलीकडे गेलेत. साहेब, तुम्हीही जा त्यांच्यामागे. जरा बोलतील तुम्हाला, मनावर घेऊ नका.

हे पुन्हा झालं. पिवळीसुद्धा. वर पंख्याकडे बघा. आपण सगळे इथे बसलो आहोत, ही माळांची रोषणाई, हे दोन कूलर, आणि घरी कुलपाआड कितीजणांची यंत्रं चालू आहेत ते ज्याचं त्याला ठाऊक. मी हात वर करायला सांगणार नाही. हात वर करायला वेळही नाही.

एक मिनिट, जिन्यातून कोण ओरडतंय?

केकवाल्या ताई आहेत. "माझं सगळं बंद केलंय मी! ओव्हनसकट! बाकीच्यांचं काय?" असं विचारताहेत. सर्वांना ऐकू आलं ना? मला पुन्हा सांगायला लावू नका.

तेव्हा भाषण इथेच आवरतो. अध्यक्षांचे आभार, सेक्रेटरींचे आभार. टेस्टर, तुमचे आभार तुम्ही खाली असताना मानतो आहे, नाहीतर तुम्ही त्यातही काहीतरी विसरलात म्हणाला असतात. गोड बोलायला सांगितलं होतं, ते जमलं नाही. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर ते या म्हाताऱ्याच्या जिभेवर टाका आणि पोटात घाला. आता एकच विनंती. उठा, आणि आपापल्या घरी जा. काय करायचं ते सांगायची गरज नाही.

हा माइकसुद्धा निळीवरच आहे. तो मी आधी बंद करतो.